परसातली माशी आणि मोबाईलचा डोळा
(ऊस विकास विभागाकडून)



पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर आपल्या कारखान्याने सभासदांच्या कुटुंबियांसाठी ‘परसातल्या मधमाशा’ या विषयावर हौशी फोटो स्पर्धा जाहीर केली होती. मुदत दसऱ्यापर्यंत होती. फोटो मोबाईलवर काढावा, परसात, बांधावर किंवा स्वतःच्या रानात काढावा, आणि गटकार्यालयाच्या नंबरावर पाठवावा, एवढ्याच अटी होत्या. निकाल मोळी टाकण्याच्या कार्यक्रमात सांगितला, तो पुष्कळांनी ऐकला आहे. परंतु निकाल असाच का लागला, हे विचारायला त्या दिवसापासून माणसे शेतकी ऑफिसात येत आहेत, म्हणून हा लेख.

परीक्षक तिघे होतो. एक तालुक्याच्या गावचे फोटो स्टुडिओवाले, एक आपल्या हायस्कूलचे चित्रकला शिक्षक आणि तिसरा मी. खोडकिडीचा पोंगा, तांबेऱ्याचे पान, हुमणीने खाल्लेले बेट यांचे फोटो गेली कित्येक वर्षे खात्याच्या कामासाठी मी काढत आलो आहे. तेवढ्यावरच माझी नेमणूक झाली.

पहिला प्रश्न एका जुन्या सभासदांनी गव्हाणीजवळच विचारला. “साहेब, उसाला माशीचा काय उपेग? बेणं आपण कांडीनं लावतो. माशी बसली काय अन् न बसली काय!” प्रश्न रास्त आहे. ऊस कांडीपासून वाढतो, आणि त्याला तुरा आला तरी त्यातला पराग वाऱ्यावर जातो, त्याला माशी लागत नाही. नवीन जाती तयार करणारे शास्त्रज्ञ तुऱ्याचे संकर करतात, तेसुद्धा हाताने. म्हणजे माशी नाहीशी झाली म्हणून काट्यावर टनेज घटणार नाही, हे मी ऊस विकास अधिकारी म्हणून लिहून देतो. पण आपण नुसता ऊस खात नाही. सरीच्या वरंब्यावर कांदा-कोथिंबीर, बांधावर तूर आणि शेवगा, परसात कारली, दोडका, वांगी, एखादे डाळिंबाचे झाड. कांद्याचे बी धरणाऱ्या सभासदांना विचारा. गोंड्यावर माशी नसेल तर बी भरत नाही, हे ते तुम्हाला पुस्तक न उघडता सांगतील. सूर्यफुलाचेही तसेच. कारल्याची नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी, त्यांच्यामध्ये निरोप नेणारे कोणीतरी पाहिजेच.

आता आलेल्या फोटोंविषयी. तीन संध्याकाळी बसून आम्ही ते बघितले. पहिल्याच संध्याकाळी लक्षात आले की, आलेल्या फोटोंतले बरेचसे मधमाशीचे नव्हतेच. कोणी गांधीलमाशी पाठवली होती, कोणी खिडकीत मातीचे घर बांधणारी कुंभारीण. आणि सगळ्यांत जास्त चकवा दिला तो एका पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशीने. ही फुलावर हवेत एका जागी टांगल्यासारखी स्थिर राहते, त्यामुळे तिचा फोटो सोपा निघतो आणि दिसतोही फार सुरेख. तिला सिरफिड माशी म्हणतात. ती मधमाशी नव्हे, घरमाशीच्या गोत्यातली आहे. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकल्यासारख्या, हिच्या अगदी आखूड. हिचे डोळे एवढे मोठे की डोके म्हणजे डोळेच वाटतात. मागच्या पायावर परागाचा पिवळा गोळा हिच्याकडे कधीच दिसणार नाही. हिला नांगीही नाही. पट्टे फक्त पाखरांना भीती घालायला.

नियमाप्रमाणे हे सगळे फोटो बाद करावे लागले. पण त्यांतला एक मी ऑफिसच्या भिंतीवर लावून घेतला आहे, आणि त्याला कारण आहे. २००२ साली सांगली भागात लोकरी मावा आला आणि बघता बघता ऊसपट्ट्यात पसरला, तो काळ अनेकांना आठवत असेल. पाने पांढरीफटक, खाली काळी बुरशी, फडात शिरलेला माणूस पीठ लावल्यासारखा बाहेर यायचा. त्या माव्यावर फवारण्या पुष्कळ झाल्या, पण तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा मित्रकिडींचा होता. डिफा आणि मायक्रोमस ही नावे तेव्हा घराघरांत गेली. त्यांच्या जोडीला याच सिरफिड माशीच्या अळ्याही मावा खात होत्या. मोठी माशी फुलावर मध पिते, अळी पानावर मावा खाते. तेव्हा ज्यांचे फोटो बाद झाले त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मधमाशी चुकली, पण उसाच्या कामाची माशी सापडली.

खऱ्या मधमाशांचे फोटो बघताना मात्र आमचीच शाळा झाली. आपल्या रानात मधमाशी म्हणजे आग्या, सातेरी आणि फुलोरी एवढेच आपण धरतो. आग्या उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीला एकच मोठी पोळी टांगतो. फुलोरी कुंपणात, बोरीच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करते. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक बऱ्याच पोळ्या बांधते, आणि पेटीत राहणारी आपल्याकडची माशी तीच. याशिवाय भिंतीच्या भेगेतून मेणाची नळी काढून राहणारी बारकी काळी माशी असते. काही भागांत तिला पोया म्हणतात. तिला डंख नाही. या सगळ्या घोळक्याने राहणाऱ्या. पण एकेकट्या राहणाऱ्या माशाही पुष्कळ आहेत, त्या आपल्या खिजगणतीतच नसतात. लाकडाला भोक पाडणारा काळा भुंगा हा मधमाशीच्याच कुळातला. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखी अर्धगोल कातरण दिसते, ती अळी नव्हे, पानकातरी माशी आहे. पानाच्या तुकड्यांत गुंडाळून ती आपली अंडी ठेवते. तिच्यावर औषध मारू नका, तुरीच्या फुलाला ती फार उपयोगी पडते.

आणि एक निळ्या पट्ट्यांची माशी. पहिले बक्षीस जिला मिळाले ती हीच. हिच्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो.

वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग उघड्यावर नसतो. पिवळ्या नळीसारख्या पुंकेसरात तो बंद असतो आणि टोकाला बारीक छिद्र असते. मिठाच्या बाटलीसारखे समजा. ती कोणीतरी हलवली पाहिजे. सातेरीला आणि पेटीतल्या युरोपियन माशीला हे जमत नाही. निळपट्टी माशी फुलाला मिठी मारते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते, आणि पराग भुरकन तिच्या पोटावर पडतो. त्या वेळी तिचा आवाज बदलतो. उडतानाचा गुणगुणाट वेगळा आणि फुलावरची चिरकी घूं वेगळी. भुंगाही हे काम करतो. वाऱ्याने फूल हलूनही थोडीफार फळे धरतात, पण माशीने हलवलेल्या फुलाचे फळ भरदार होते. दहावीतल्या एका मुलाने हा क्षण पकडला. माशी फुलाला लोंबकळलेली, डोळा स्वच्छ, आणि फुलाखाली परागाची धूळ उन्हात चमकते आहे. स्टुडिओवाले म्हणाले, “पंचवीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, अक्षता पडताना एवढ्या नेमक्या मला नाही सापडल्या.”

मुलाला विचारले, कसा काढलास? तो म्हणाला, “सर, मी माशीमागं गेलोच न्हाई. वांग्याच्या एका झाडापाशी पोतं टाकून बसलो. आठ सकाळी बसलो. नवव्या सकाळी गावली.”

ज्यांना पुढच्या खेपेला फोटो पाठवायचे आहेत त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे. माशीचा पाठलाग करून फोटो मिळत नाही. ती फुलावर दोन-चार सेकंद थांबते, तेवढ्यात आपण वाकतो, आपली सावली तिच्यावर पडते आणि ती जाते. त्यापेक्षा फूल धरून बसावे. ज्या फुलावर आत्ता माशी येऊन गेली तिथे दुसरी येणारच. सकाळी ऊन कोवळे असताना माशी थंड असते, हालचाल मंद असते आणि सावल्याही मऊ पडतात. दुपारच्या उन्हात फोटो काढला की पंख पांढरे भगभगीत आणि पोट काळे ठिक्कर येते. ऊन आपल्या बाजूने किंवा कडेने यावे. मोबाईल माशीच्या अंगाला समांतर धरला तर डोक्यापासून पोटापर्यंत सगळे स्वच्छ येते, तिरका धरला तर फक्त एक पाय स्वच्छ येतो. बोट पडद्यावर डोळ्याच्या जागी टेकवावे. डोळा धूसर असेल तर बाकी काही असो, फोटो मेला.

पंख स्थिर यावेत असा पुष्कळांचा हट्ट असतो. मधमाशी सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा पंख मारते. मोबाईलमध्ये शटरचा वेग हाताने लावायची सोय असेल तर तो सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा त्याहून कमी ठेवावा, आणि तेवढ्यासाठी भरपूर उजेड पाहिजे. मला विचाराल तर पंख थोडे पुसट आले तर बिघडत नाही. उडणारी वस्तू उडताना दिसावी. मोबाईलला अडकवायची भिंगाची चिमटी बाजारात मिळते, ती चालते. मात्र तिच्यामुळे फार जवळ जावे लागते, तेव्हा हात हळू न्यावा. निळपट्टीचे नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने धरून रांगेने झोपतात. बांधावरच्या गवतात दिवेलागणीला किंवा पहाटे बघा. त्यांचा फोटो लहान पोरालाही काढता येईल.

आग्याच्या जवळ मात्र जाऊ नये. त्याचा फोटो लांबूनच काढावा, दगड मारून ‘उडताना’ काढू नये. आग्या उठला की एका माणसावर थांबत नाही. रानात खुरपणाऱ्या बाया, गाडीचे बैल, शाळेची पोरे, कोणीही सापडते, आणि त्यात माणसे दगावलेली आहेत. या प्रकारचे दोन फोटो आले होते. त्यांच्या घरी मी स्वतः फोन केला आहे, जास्त लिहीत नाही.

लबाडीबद्दलही लिहिले पाहिजे. एका फोटोत माशी झेंडूवर इतकी नेटकी बसली होती की चित्रकलेच्या सरांनी लगेच पहिला नंबर दिला. मला तिचे पाय खटकले. सगळे पाय पोटाशी दुमडलेले, एकाचीही नखे पाकळीत रुतलेली नाहीत. जिवंत माशी अशी बसत नाही. आम्ही शेवटच्या फेरीतल्या सगळ्यांकडून मूळ फोटो आणि त्याच्या आधीचा-नंतरचा फोटो मागवला. बाकीच्यांनी दिला, या एकाने “डिलीट झाला” असे कळवले. माशी फ्रीजमध्ये ठेवून गारठवायची आणि फुलावर मांडायची, ही युक्ती मोबाईलवरच्या व्हिडिओंत सर्रास दाखवतात. हे आपल्याच गावात होते असे नाही. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची वन्यजीव फोटोंची स्पर्धा जगात नावाजलेली. तिथेही २०१८ साली एक बक्षीसपात्र फोटो, त्यातला मुंगीखाऊ प्राणी पेंढा भरलेला असल्याचे ठरल्यावर रद्द करण्यात आला. त्याच स्पर्धेत २०२२ सालचे सर्वोच्च बक्षीस कॅरीन एग्नर या बाईंना मिळाले, ते मधमाशांच्याच फोटोला. टेक्सासमधल्या एका गुरांच्या रानात, तापलेल्या मातीवर निवडुंगाच्या माशांचा चेंडू लोळतो आहे. नर सगळे, मध्ये एकच मादी. बाई मातीला डोळा लावून काढत होत्या. पेंढा नाही, फ्रीज नाही.

आता दुसऱ्या बक्षिसाचे. सगळी चर्चा त्याचीच आहे.

फोटो असा होता. कारल्याच्या मांडवाखालची सारवलेली जमीन. तिच्यावर सातेरी माशा पडलेल्या, वीस-पंचवीस तरी असतील. एका बाईचा तळहात, त्यावर एक मेलेली माशी, आणि तिच्या मागच्या पायांना परागाचे पिवळे गोळे अजून तसेच. हात थोडा हलल्यामुळे फोटो पुरता स्वच्छ नाही. पाठवणारी एका सभासदांची सून. खाली तिने लिहिले होते, ‘सकाळी नऊला मांडवाला औषध मारलं. दहाला ह्या.’

स्टुडिओवाले म्हणाले, फोटो धूसर आहे, बाद करा. चित्रकलेचे सर म्हणाले, पहिला नंबर हाच, दुसरा कुठला बघूसुद्धा नका. दीड तास वाद चालला. तेवढ्यात मला त्या घरच्या मामंजींचा फोन आला. औषध त्यांनीच मारले होते. “साहेब, पोरीनं न विचारता धाडलाय. घरातली गोष्ट हाय. बोर्डावर लावू नका. उद्या गाव म्हणंल, ह्यांनी माशा मारल्या.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. आबा ओट्यावर बसले होते. माझ्याकडे बघितले नाही. चहा सुनेनेच आणला. औषधाची बाटली मागून बघितली. रस शोषणाऱ्या किडींसाठी आपण उसातही ज्या वर्गातले औषध वापरतो, त्याच वर्गातले. या वर्गातली तीन औषधे युरोपात उघड्या शेतात वापरायला २०१८ साली बंदी झाली, ती मधमाशांमुळेच. आपल्याकडे ती चालतात, पण फुलोऱ्यात आणि माशांच्या कामाच्या वेळी मारू नये अशी सूचना असते. आबा म्हणाले, “दुकानदारानं डोस सांगितला, येळ न्हाई सांगितली. सकाळी वारं पडलेलं असतंय, म्हणून मी सकाळीच मारतो.” आबांच्या बोलण्यात चूक काय काढणार? वारा बघून फवारायचे, हे आपणच त्यांना शिकवले आहे. कारल्याचे फूल सकाळी उमलते, माशी सकाळीच येते, हे त्या शिकवण्यात नव्हते.

मी आबांना म्हटले, फोटो लावायचा की नाही हे तुम्ही आणि सूनबाई ठरवा. नाव-गाव छापणार नाही. बराच वेळ गेला. मग सूनबाई दारातून म्हणाल्या, “मामंजी, पुढच्या वर्षी आपण कांद्याचं बी धरणार हाय न्हवं?” आबांनी मान हलवली, आणि एवढ्यावर परवानगी मिळाली.

पहिला नंबर का दिला नाही, असे सर अजून विचारतात. माझे मत असे. स्पर्धा फोटोची होती आणि वांग्यावरच्या माशीसाठी त्या पोराने आठ सकाळी फुकट घालवल्या होत्या. दुसऱ्या फोटोत सांगण्यासारखे जास्त होते, पण दाखवणे पहिल्यात जास्त होते. सरांना हे पटलेले नाही, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असेही मी म्हणणार नाही.

मांडवाला, तुरीला, सूर्यफुलाला औषध मारावेच लागले तर ते दिवस मावळता, माशा घरी गेल्यावर मारावे. पिकात मुळापासून भिनणारी औषधे फुलोऱ्यात टाळावीत, कारण ती मधात आणि परागातही उतरतात, तिथे संध्याकाळचाही उपयोग पुरा होत नाही. सातेरी पोटापाण्यासाठी किलोमीटर-दीड किलोमीटर जाते, तेव्हा आपल्या परसातली माशी शेजाऱ्याच्या रानात मरू शकते आणि त्याची आपल्या. कोणाच्या बांधावर पेट्या असतील तर आदल्या संध्याकाळी सांगावे. ड्रोनने फवारणी करणाऱ्यांनी तर आवर्जून सांगावे, ते तुषार वाऱ्याने कुठच्या कुठे जातात.

हुमणीसाठीही हीच गोष्ट. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे कडुलिंबावर, बाभळीवर येतात आणि आपण झाडेच औषधाने धुऊन काढतो. त्या झाडांवर माशाही असतात. रात्री साडेसात ते नऊच्या दरम्यान फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. आळीतली पाच-सहा पोरे मिळाली तर एका रात्रीत वस्ती साफ होते. सापळ्याच्या दिव्यासाठी गटकार्यालयात चौकशी करावी.

ज्यांना पेटी पाळायची इच्छा आहे त्यांनी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिक्षण घ्यावे. ही संस्था १९६२ पासून हेच काम करते. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव मे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. ते एकदा बघून यावे असे आहे. आपल्या ऊसपट्ट्यात वर्षभर फुलोरा नसतो, म्हणून एकदम दहा पेट्या घेऊ नयेत. दोन घेऊन बघाव्यात. फुले नसतात तेव्हा माशी रसवंतीवर जाते आणि रसाच्या भांड्यात बुडून मरते. असेही फोटो आले होते. रसवंतीवाल्यांनी भांड्यावर जाळीचे कापड टाकले तर गिऱ्हाईकही खुश राहील.

बक्षिसांबद्दल एक खुलासा. दुसरे बक्षीस स्टोअरकडून आधीच ठरले होते, आणि तो बॅटरीवरचा फवारणी पंप होता. निकाल ठरल्यावर आम्ही तिघेही एकमेकांकडे बघत राहिलो. बदलून दुसरे काही द्यावे असे मी सुचवले, पण सूनबाईंनीच निरोप पाठवला की बदलू नका, घरचा पंप गळतो. मोळी टाकण्याच्या दिवशी नाव पुकारल्यावर पंप घ्यायला आबा स्टेजवर आले. सूनबाई खाली बायकांच्या रांगेत बसून मोबाईलवर त्यांचा फोटो काढत होत्या.